दहा वर्षं टिकेल असा हब

त्या रविवारी बाबा पोहऱ्याच्या चढावरून सायकल हातात धरून पायी घरी आले. आल्याआल्या त्यांनी आईला चहा मागितला, मला चष्मा मागितला आणि सायकल अंगणात उलटी उभी केली. पायडल मारलं की पाय नुसताच फिरत होता. चाक कधी ओढलं जाई, कधी जागच्या जागी राही. थोडा वेळ पाहून बाबांनी निदान सांगितलं: मागचा हब गेला.

हब म्हणजे चाकाचा तुंबा. त्याच्यातून आस जातो आणि सगळ्या तारा त्याला येऊन मिळतात. मागच्या हबात याशिवाय स्प्रिंगवर बसवलेले लोखंडाचे छोटे पंजे असतात. मिस्त्री लोक त्यांना कुत्रे म्हणतात. पायडल मारलं की हे कुत्रे दात्यांत अडकतात आणि चाकाला ओढून नेतात. पाय थांबवले की दात्यांवरून घसरत टिकटिक करतात. एवढी माहिती मला त्या दुपारी झाली. तोवर एम.ए. होऊन आणि बऱ्यापैकी पुस्तकं वाचून माझं तिच्यावाचून काही अडलं नव्हतं.

बाबा, म्हणजे देवमन तायडे, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. नोकरीभर ते काळ्या सायकलवरून कालव्याच्या काठाने फिरले. निवृत्त झाल्यावर माझ्या भावाने, स्वप्निलने, पुण्याहून त्यांच्यासाठी सत्तावीस गियरची डोंगरी सायकल पाठवली. बाबांनी पहिल्या आठवड्यात त्यातले चार गियर पसंत केले आणि उरलेले सरकारजमा केले. तेव्हापासून रोज पहाटे अमरावतीच्या दस्तूरनगरातून निघून छत्री तलावावरून पोहऱ्याच्या जंगलाकडे जायचं आणि उजाडल्यावर परत यायचं, हा त्यांचा नेम.

मी अकोल्याला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. त्यामुळे घरातलं शोधाशोधीचं खातं माझ्याकडे असतं. आईच्या गुडघ्याला कोणतं तेल, स्वप्निलच्या मुलीला कोणतं नाव, सगळं मीच शोधायचं. तेव्हा हबही मीच शोधायचा हे ओघानं आलं. मी ओसरीवर मोबाइल घेऊन बसले. बाबांनी अटी सांगितल्या.

"टिकाऊ पायजे, सस्ता पायजे, अन् आवाज नाई पायजे."

या तीन अटींत बसणारं स्थळ आईला माझ्यासाठी वीस वर्षांत सापडलं नव्हतं. हब मात्र मी चहा निवायच्या आत शोधावा अशी अपेक्षा होती.

आवाजाची अट बाबांची खास होती. त्यांचं बालपण दर्यापूरकडच्या गावात दुसऱ्यांच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, हाकण्यात गेलं. बंडीच्या आसाला ओंगण घातलं नाही, ते काळं, घट्ट वंगण, की चाक रडतं आणि बैलाची मान सोलवटते, हे ते तिथे शिकले. जे फिरतं त्याला ओंगण लागतं आणि जे वाजतं ते झिजतं, एवढ्या दोन सूत्रांवर त्यांनी पुढचा संसार केला. ओंगणाचा डबा गावाहून येई. फाटक, पंखे, कपाटाची दारं, शाळेत असताना माझ्या दप्तराची चेन, काहीही सुटलं नाही. आमच्या घरात काहीच वाजत नसे. माणसंही बेताचीच.

मी एकेक हब वाचून दाखवत गेले. एकाची किंमत सायकलीएवढी होती. एक इतका स्वस्त होता की घेणाऱ्यांपैकी एकाने त्याच्याबद्दल "पॅकिंग छान" एवढंच लिहिलं होतं. बाबा शांतपणे ऐकत, मान हलवत आणि पुढचा सांग म्हणत. शेवटी त्यांनी आपली गरज स्पष्ट केली. "दहा वर्सं निंगाले पायजे त्याच्यावर. मंग मी ऐंशीच्या आसपास जाईन. मंग पाहू."

हब किती टिकेल याची आम्ही दुपारभर चौकशी केली. दुसरी एक चौकशी करावी हे कोणालाच सुचलं नाही.

संध्याकाळी ते मला नाक्यापर्यंत सोडायला पायी आले. ऑटोत बसताना त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी अकोल्याला नोकरीला लागले तेव्हापासून दर रविवारी ते तो विचारत. "करमते ना वो तुले तिथं?" मी नेहमीचं उत्तर दिलं, "न करमायला काय झालं, बाबा." मग त्यांनी ऑटोचं मागचं चाक पायाने दाबून हवा पाहिली आणि ऑटोवाल्याला हळू नेण्याबद्दल बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दाढी करायला बसले आणि आरशासमोरून उठलेच नाहीत.

अंत्यविधीला आणि नंतर पुण्यानुमोदनाला पुष्कळ माणसं आली. अर्ध्यांचं म्हणणं, या वयात सायकल मारली म्हणून गेले. उरलेल्यांचं म्हणणं, सायकल मारली म्हणूनच एवढे तरी जगले. दोन्ही पक्ष जेवायला एकाच पंगतीत बसले. भन्तेजींनी अनित्यतेवर थोडक्यात आणि नीट सांगितलं. ती नीट पटण्याआधीच बाबांच्या सायकल ग्रुपचे अध्यक्ष डॉक्टर शेखर उठले. ते दातांचे डॉक्टर आहेत. त्यांची सायकल एका बोटाने उचलता येते आणि ते ती वरचेवर उचलून दाखवतात. देवमनरावांच्या जाण्याने आमच्या ग्रुपचा मागचा हब निखळला, असं ते म्हणाले. काहींनी डोळे पुसले. मी पाण्याचे पेले भरायला गेले.

पाहुणे गेल्यावर सायकलचा प्रश्न निघाला. स्वप्निलला ती पुण्याला न्यायची होती. त्याच्या हॉलमध्ये एक भिंत रिकामी आहे. तिथे सायकल टांगायची, मागून पिवळे दिवे सोडायचे, खाली पितळी पट्टीवर बाबांचं नाव. आजकाल असं करतात म्हणे. "नाहीतरी ती चालत नाही, ताई," तो म्हणाला. "हब गेलाय."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. रडण्याची त्याची हीच पद्धत होती. काहीतरी ऑर्डर करायचं. पण बाबांचा एक फोटो भिंतीवर नुकताच लागला होता आणि दुसरा लागू द्यायची माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, सायकल मी चालवीन. शाळेत असताना कालव्याच्या काठाने मी बाबांच्या मागे सायकल चालवत असे. त्यानंतर कधी ती चालवली नव्हती. स्वप्निलने माझ्याकडे पाहिलं, मग सायकलकडे. हसला नाही, हे त्याचं सौजन्य.

आईने निकाल दिला. तिचं नाव सुंदराबाई आणि तिचे निकाल एका ओळीचे असतात. "जो चालवीन त्याची."

महिनाअखेरच्या शनिवारी स्वप्निल सायकल न्यायला येणार होता. तोवर ती चालू झाली तर माझी, नाहीतर भिंतीची.

मी अकोल्याला परतले आणि हबाचा अभ्यास सुरू केला. दुःखावर मी आयुष्यात बरंच वाचलं होतं. त्यात बेअरिंगचा नंबर कुठेच नव्हता.

अकोल्यात सायकलींचा एक स्टुडिओ उघडला आहे. स्टुडिओ म्हणायचं, कारण दुकान म्हटलं की गिऱ्हाईक भाव करतं. मालक शुभम नावाचा तरुण. त्याने मला कॉफी दिली आणि रायडिंग स्टाइल विचारली. मी सांगितलं, पहाटे निघायचं आणि घरातल्या कोणाला उठू द्यायचं नाही. ही स्टाइल त्याच्या यादीत नव्हती. त्याने एक लालभडक हब काढला आणि माझ्या कानाजवळ फिरवला. उन्हाळ्यात नालीवर डास उठावेत तसा आवाज झाला. "प्रीमियम साउंड, मॅडम. लोक या आवाजासाठीच घेतात." त्याला लाइफटाइम वॉरंटी होती. मी विचारलं, कोणाच्या लाइफची? तो माहितीपत्रक चाळू लागला.

डॉक्टर शेखरना फोन केला. त्यांनी आधी बाबांबद्दल दोन चांगली वाक्यं सांगितली आणि मग हबांबद्दल चाळीस. सुट्या छर्र्यांचा, म्हणजे पोलादी गोळ्यांचा, हब दूधवाल्यांसाठी, असं त्यांचं मत. हब घ्यायचा तर सीलबंद बेअरिंगचा, तोही परदेशी. किती टिकेल, असं विचारलं तर म्हणाले, त्यांचा स्वतःचा अगदी नव्यासारखा आहे. ते पावसात सायकल काढत नाहीत, उन्हात काढत नाहीत आणि पोहऱ्याच्या रस्त्यावर खड्डे असल्यामुळे तिकडेही फारशी काढत नाहीत. एवढी काळजी घेतली तर पापडाचाही हब टिकेल.

तरी दोघांच्या बोलण्यातून, आणि रात्रीच्या जेवणाबरोबर पाहिलेल्या व्हिडिओंतून, मला काही गोष्टी उमगल्या. सुट्या छर्र्यांचा हब स्वस्त असतो आणि कुठलाही मिस्त्री तो उघडून कसून देतो. पण वर्षातून एकदा तो उघडायला लागतो; विसरलात की छर्रे ज्या वाटीत फिरतात तीच खाऊन टाकतात. सीलबंद हबात बेअरिंग झिजली तर काढून नवी बसवतात. त्या बेअरिंगवर एक नंबर असतो. नंबर नेहमीचा असेल तर ती पाण्याच्या मोटारींच्या दुकानातसुद्धा मिळते, आगळावेगळा असेल तर परदेशातून येईपर्यंत सायकलने निवृत्त व्हायचं. म्हणजे टिकाऊ हब तो, ज्याचा भाग मोडल्यावर अमरावतीच्या इतवारा बाजारात मिळतो. न मोडणारा हब फक्त माहितीपत्रकात असतो. माणसांच्या बाबतीतही ही सोय असती तर आम्ही एवढी शोधाशोध केली नसती.

मग मी मधल्या किमतीचा, साधा काळा, नेहमीच्या नंबराच्या बेअरिंगचा एक हब हेरून ठेवला. त्याचा आवाज किती, हे कोणीच लिहिलं नव्हतं. शुभमने मापं मागितली: तारांची भोकं किती, आसाची रुंदी किती. जुना हब उघडून पाहा आणि सांगा, म्हणाला. त्याच्या मनाने त्याने मला कटवलं होतं.

महिनाअखेरच्या त्या शनिवारी सकाळच्या गाडीने बडनेरा आणि तिथून घर. आई अंगणात तूर निवडत होती. मी सायकल उलटी केली, मागचं चाक काढलं आणि मोबाइल फाटकाला टेकवून व्हिडिओ लावला. हबाच्या दोन्ही टोकांना ॲलन की घालून उलटी फिरवायची, एवढंच काम. मला वाटलं होतं, जोर लागेल. काहीच लागला नाही. टोकं अलगद सुटली, आस सरकला आणि गियरच्या चकत्यांचा अख्खा गठ्ठा माझ्या हातात आला.

आधी वास आला. फाटकाचा, पंख्याचा, शाळेच्या दप्तराचा वास.

हबाच्या पोटात ओंगण ठासून भरलं होतं. बंडीच्या आसाला भरतात तसं, बोटाने दाबून, कडेपर्यंत. कडेला एका ठिकाणी बोटाचा ठसाही दिसत होता. तिन्ही कुत्रे त्या काळ्या गोळ्यात गाडले गेले होते आणि जानेवारीच्या थंडीत ओंगण मेणासारखं घट्ट झालं होतं. मी एक कुत्रा नखाने दाबला. तो खाली बसला आणि वर आलाच नाही. दात्यांत अडकणार कसा? दाते शाबूत होते. बेअरिंग बोटाने फिरवली तर गुळगुळीत फिरली, आणि तिच्यावरचा नंबर अगदी नेहमीचा होता.

हब गेला नव्हता. त्याची निगा राखली गेली होती.

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं म्हणून ते नीट आलं नसावं, कारण आईने सूप खाली ठेवलं.

"कायले हसून राहिली वो?"

मी तिला सांगितलं की हब धडधाकट आहे, बाबांनी आत ओंगण भरलं, आणि म्हणून पायडल सुटत होतं.

"हो, भरलं ना. मायासमोरच भरलं. तू आली होती त्याच्या दोन-तीन रोज आंधी."

"मग त्या दिवशी सांगितलं नाहीस?"

"तुमी मले इचारलं का? तुमी बाप-लेक मोबाइलात हब पाहून राहिले होते."

हे खरं होतं. दुपारभर आम्ही जगातले सगळे हब पाहिले आणि घरातला तेवढा उघडला नाही. बाबांनाही आपल्या ओंगणाचा संशय आला नाही. ओंगणाने काही बिघडतं, ही कल्पनाच त्यांच्या घडणीत बसणारी नव्हती.

मी विचारलं, पण मुळात भरलं कशाला?

आई पुन्हा तूर निवडू लागली. "थे टिकटिक वाजे ना. पाह्यटी निंगाले की म्हणत, तुयी झोप मोडते." मग म्हणाली, "म्या तं जागीच राहो. ते टिकटिक फाटकापासून तं मोडावरल्या चक्कीपरेंत आयकू ये. चक्कीपाशी गेले की मंग मायावाला डोया लागे."

"हे त्यांना सांगितलंस कधी?"

"त्याच्यात सांगाचं काय असते?"

मी घासलेटात जुना दात घासायचा ब्रश बुडवला आणि साफ करायला बसले. ओंगण निघता निघत नव्हतं. बोटाचा ठसा सगळ्यात शेवटी राहिला. तो ठेवून चालणार नव्हतं, त्याच्याखालीच एक कुत्रा होता. पुसला. आईने न सांगता शिवणमशीनच्या तेलाची कुपी आणून दिली. दोन-दोन थेंब टाकले. दाबला की कुत्रा पट्कन उसळू लागला. चाक जोडून हाताने फिरवलं तेव्हा अंगणभर टिकटिक झाली आणि आईने मान वर केली नाही. तिचा हात मात्र सुपात थांबला होता.

संध्याकाळी स्वप्निल आला. सायकल गुंडाळायला फुगेवाल्या प्लास्टिकचा गठ्ठा आणि भिंतीत ठोकायचा जर्मन हूक घेऊन आला होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो सायकलपाशी बसला, पायडल हाताने मागे-पुढे करून पाहिलं आणि बराच वेळ तेच करत राहिला. मग म्हणाला, चढावर जोर पडल्यावर सुटलं तर? आईचा नियम चालवणाऱ्यासाठी होता, अंगणात चाक फिरवणाऱ्यासाठी नव्हे. तोही खरंच बोलत होता. घरात सगळे खरं बोलत होते, हीच पंचाईत होती.

रविवारी पहाटे मी बाबांची सायकल फाटकाबाहेर काढली. स्वप्निल स्वेटर घालून दारात उभा होता. सांभाळून जा, असं तो म्हणाला नाही. "हेल्मेट घाल, ताई," म्हणाला आणि बाबांचं हेल्मेट पुढे केलं. पट्टा मला मोठा होत होता. तो त्याने खाली बसून, वेळ घेऊन, कमी केला. आई उठून बाहेर आली नाही. खिडकी उघडी होती.

पहिल्या वळणावर पडता पडता वाचले. चक्कीपर्यंत मुद्दाम मधूनमधून पाय थांबवले.

छत्री तलावापाशी डॉक्टर शेखरांचा ग्रुप सेल्फी काढत होता. त्यांनी मला ओळखलं, सायकलला आधी. शेवटी कोणता हब घेतलात, असं विचारलं. मी म्हटलं, जुनाच. त्यांनी मागच्या चाकाकडे किडलेल्या दाढेकडे पाहावं तसं पाहिलं आणि तो फार टिकणार नाही, असं सहानुभूतीने सांगितलं. मी म्हटलं, टिकेल तेवढा टिकू दे. ते पोहऱ्याकडे येत नव्हते. खड्डे आहेत.

चढ सुरू झाला तसं मी बाबांच्या चार गियरांपैकी सगळ्यात हलका टाकला. थंडी होती, त्या रविवारी होती तेवढीच. याच रस्त्यावर ते सायकल हातात धरून परत फिरले होते. दम लागला, मांड्या पेटल्या आणि प्रत्येक पायडलला वाटत होतं, आता सुटेल. पायाखाली पोकळी येईल, मला उतरावं लागेल, आणि हॉलमधली भिंत भरेल. सुटलं नाही. एकदाही नाही. तिन्ही कुत्रे इमानदार निघाले. वर पोचले तेव्हा सागाच्या पानांवर ऊन पडायला लागलं होतं आणि मला श्वास म्हणून जे काही मिळत होतं ते पुरत नव्हतं.

सायकल वळवली आणि उतारावर सोडून दिली. पाय थांबवले.

हब वाजायला लागला. टिकटिक, मग वेग वाढला तशी एकसलग. दोन्ही बाजूंना झाडं, पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, आणि तो आवाज. बाबांना तो नको होता. माझं नाव भावना आहे आणि आमच्या घरात ते फक्त हाक मारण्यापुरतं वापरलं गेलं. मी ब्रेकवरची बोटं काढली.

"बाबा," मी मोठ्याने म्हणाले. माझ्या तोंडून ती बोली मी कित्येक वर्षांनी ऐकली. "मले नाई करमून राहिलं. तिथं तं कधीच नाई करमलं. अन् आता इथंबी नाई करमत."